वजनाबद्दल थोडं बोलायचं होतं

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर एक संगणक, दोन पेनं (पैकी चालणारं एक) आणि दोनशे ग्रॅमचं एक प्रमाणित वजन होतं. व्यावसायिक सोशल नेटवर्कवरच्या माझ्या खात्यात पाठवायला ओळख-विनंत्या होत्या वीस. आठवडाभरासाठी वीसच!

मी प्रयोगशाळांना लागणारे नाजूक वजनकाटे विकते. आत्तापर्यंत आमच्या ऑफिसातले लोक त्या सोशल नेटवर्कवर, बागेत पाइपनं पाणी मारावं तशा विनंत्या मारत सुटायचे. शेवटी नेटवर्कवाले वैतागले. आता विनंत्या मोजून, सोबतचा मजकूर चिमूटभर, आणि फार जणांनी नाकारलं तर खातंच बंद! साहेबांनी मला बोलावून सांगितलं, शुक्रवारपर्यंत एका तरी गिऱ्हाइकाच्या टेबलावर आपला काटा लागला नाही, तर तुमची रवानगी तक्रारींच्या फोनवर. त्या फोनवर बसणारे काका हल्ली बायकोलाही ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणतात.

"काळजीच नको," मी म्हणाले. "मी भौतिकशास्त्र शिकलेय. नमुना लहान असला की प्रयोग नेटका होतो."

दोन दिवस खपून मी वीस माणसं निवडली. मजकूरही झकास लिहिला, पण तो मर्यादेच्या तिप्पट भरला. माझा दादा वर्तमानपत्रात मथळे कापतो. जेवता जेवता त्यानं आधी विशेषणं उडवली, मग काटा उडवला, मग प्रयोगशाळाच उडवली. उरलं ते असं: ‘आपल्या वजनाबद्दल थोडं बोलायचं होतं. भेटू या?’

अक्षरं बरोब्बर बसली. त्या आनंदात मी वीसही विनंत्या एका दमात पाठवल्या. आधी एकीवर चाचणी घ्यावी, हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

पहिलं उत्तर एका मोठ्या संशोधन संस्थेच्या संचालक मॅडमचं आलं. माझ्या वजनाशी तुमचा काय संबंध, असं विचारून त्यांनी विनंती नाकारली. एका गृहस्थांनी आपले दोन फोटो पाठवले, पोटासकट आणि पोटाविना, आणि आणखी किती उतरवून द्याल म्हणून विचारलं. एका प्राध्यापकांनी लिहिलं, वजन की वस्तुमान, ते आधी ठरवा. दुपारी नेटवर्कची ताकीद आली: आणखी एक नकार, की खातं बंद.

तेवढ्यात मॅडमच्याच संस्थेतल्या खरेदी अधिकाऱ्यांचा निरोप आला. ‘वजनाबद्दल इथे नको. उद्या समक्ष या. गाजावाजा नको.’

"बघा," साहेब खूश होऊन म्हणाले, "खरं गिऱ्हाईक असंच मोजकं बोलतं."

दुसऱ्या दिवशी मी काट्याची पेटी घेऊन पोचले. अधिकाऱ्यांनी दार लोटलं, खुर्ची पुढे ओढली.

"बोला. किती वजन?"

"दोनशे ग्रॅम, सर."

त्यांच्या भुवया वर गेल्या. "ग्रॅममध्ये? म्हणजे... सोनं?"

"नाही सर. स्टेनलेस स्टील."

त्यांनी एकदा दाराकडे नजर टाकली. मग नवी पद्धत असेल असं वाटून त्यांनी हळूच एक फाईल पुढे सरकवली. "बरं. ठेवा."

मी डबी उघडली, चिमट्यानं वजन उचललं आणि फाईलच्या मधोमध ठेवलं. त्याच क्षणी दार उघडलं. संचालक मॅडम!

"हे काय चाललंय?"

"वजन आहे, मॅडम," अधिकारी म्हणाले.

"फाईलवर वजन ठेवून घेताय? माझ्या संस्थेत?"

"स्टीलचं आहे, मॅडम!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "म्हणजे ती वजनवाली तूच का?"

मी एका दमात सगळं सांगितलं: मर्यादा, मथळे, दादा, तक्रारींचा फोन.  मॅडमनी फक्त टेबलाकडे बोट केलं. "लाव तुझा काटा."

मी काटा लावला, समतल केला, चिमट्यानं वजन तबकडीत ठेवलं. आकडा काही केल्या थांबेना.

"साहेब," मॅडम अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "टेबलावरचे हात काढा. थरथरताहेत."

अधिकाऱ्यांनी हात काढले. आकडा थांबला. २००.०००१ ग्रॅम.