एसीवरचा माठ

आमच्या शेजारचा बापू कोणाच्याही घरी गेला की माणसांना रामराम नंतर घालतो, आधी भिंतीला हात लावतो. तोही उलटा हात, लेकराच्या कपाळाला लावावा तसा. डोळे मिटतो, मान हलवतो आणि म्हणतो, "ताप हाये इले."

एकदा मेहकरला पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर बापू सोबत. पोहे आले, मुलगी आली, आणि हा उठून पश्चिमेच्या भिंतीला चिकटलेला. मुलीचा बाप घाबरला.

"पाव्हणे, काई चुकलं काय आमचं?"

"पोरगी चांगली हाये. भिंत आजारी हाये. भायेर कडुलिंब लावा."

लग्न जमलं. कडुलिंबही लागला.

बापू कचेरीत बाबू होता. आता टिनाच्या घरात एकटा राहतो. बायको वारली, पोरगा पुण्याला. ऊन ओट्यावर चढलं की हा खिडक्या लावून घेतो, त्यांवर ओली पोती सोडतो आणि दिवस बुडाला की सगळं सताड उघडतो. टिनांवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा हा जाड थर. मी म्हटलं, "येड्या, पऱ्हाट्या लोक चुलीत घालतात." तर म्हणतो, "माई चूल वरतं पेटते, भाऊ." आणि मग त्याचं ठरलेलं वाक्य: "ताव मरत नाई, घर बदलते."

माझ्या स्लॅबवर त्याचा फार दिवसांपासून डोळा. मी शाळेत फार गेलो नाही, पण वांगी-मिरच्या पिकवून आळीत पहिला स्लॅब टाकला तो मी. बापूचं टुमणं एकच, वरून पांढरा चुना मारा.

"स्लॅब हाये तो, गाईचा गोठा नाई," मी म्हणायचो.

"गाई सुखी हायेत म्हनून सांगतो."

माझं म्हणणं तेव्हा होतं आणि आजही आहे, की स्लॅब हा स्लॅबासारखा दिसला पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात बापूला ऊन लागलं, तेही घरात बसून. सलाईन लावायची पाळी आली. भिंतीच्या वैद्यालाच ताप आला म्हणून गाव हसलं. पोरानं धसका घेतला आणि पुण्याहून एसी धाडला. बापूनं खोकं उघडलंच नाही. त्यावर पाण्याचा माठ मांडला. आल्यागेल्याला ऐटीत सांगायचा, "एसीवरचं पानी हाये, पेऊन पाहा." लोक म्हणाले, बिलाला भितो. मीही त्याला तोंडावर चिंगूस म्हटलं. त्यानं मला त्याच माठातलं पाणी पाजलं.

यंदा वैशाखात पोरानं एसी बसवायला मेहकरहून मिस्त्रीच धाडला. मी तेव्हा आमच्या म्हातारीला, म्हणजे बायकोला, पाणी पाजत होतो. तिला लकवा मारल्यापासून तिची बाज बोळाकडच्या खिडकीला लावलेली. कूस बदलता येत नाही, पण कोण आलं कोण गेलं तेवढं दिसतं. बोळ अरुंद, पलीकडे लगेच बापूची भिंत. सगळं ऐकू येत होतं.

"काका, एसीचा भायेरचा डबा इथंच बसते. दुसरीकडं जागा नाई."

"त्याची गरम हवा कुठं जाईन?"

"समोर."

"समोर खिडकी हाये."

"हाव. मंग?"

"मंग काय बे? तिथं माई वहिनी झोपते. माया घरातला ताव तिच्या अंगावर धाडू काय?"

"पन तुमाले मांगच्या साली ऊन लागलं होतं म्हने."

"लागलं होतं. मी उठून ओट्यावर तरी बसतो. तिनं कुठं जावं?"

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. बोलणं तिचं आता थोडंच आहे, पण पाहणं अजून पूर्वीचंच आहे. मी भांडं ठेवलं आणि बोळात गेलो.

"बापू, तो डबा माया स्लॅबवर ठेव. हवा आभायात जाईन."

"नाई. तुमच्या स्लॅबाले आधीच ताप हाये."

"मंग आधी चुना मार आन मंग डबा ठेव. पन चुना माया घरचा. मी कोनाचं फुकट घेत नाई."

माझं बोलणं संपायच्या आत त्यानं बादली आणलेली. मिस्त्री म्हणाला, "पन मंग आभायाचं काय?" बापूनं वर पाहिलं, जरा विचार केला. "मोठं हाये थे. सोसन."

चुन्याचे दोन हात झाले, एसीही बसला. स्लॅब आता लांबून बगळा बसल्यासारखा दिसतो. मला आवडत नाही. पण पहिल्याच दुपारी बापू आला, रामराम न घालता म्हातारीच्या उशाच्या भिंतीला उलटा हात लावून उभा राहिला.

"उतरला, वहिनी," तो म्हणाला.

म्हातारीनं बऱ्या हाताची बोटं हलवली. बापू जायला वळला.

"थांब बे," मी म्हटलं, आणि माझा उलटा हात त्याच्या कपाळाला लावला. गावभर भिंतींचा ताप पाहत फिरणारा माणूस डोळे मिटून गप उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा.

"हाये काय?"

"कनकन हाये जराशी. उद्या पुन्हा ये, पाहा लागन."

"येतो," म्हणाला.

ताप नव्हता.