खानदानी हवेली आणि सासूबाईंचा परकर

"आज हवेली विकूनच येते! नाही विकली, तर खुशाल त्या लाडीगोडीला देऊन टाका!" पडदेवालीने साहेबांना ठणकावलं.

लाडीगोडी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा दलाल. समुद्राकाठच्या त्या जुन्या हवेलीवर तो मांजरासारखा टपून बसलेला.

पडदेवालीला ऑफिसात हे नाव पडलं तिच्या पद्धतीमुळे. समुद्र शेवटी दाखवायचा. खिडकीकडे पाठ करून दोरी ओढायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत भाषण ठोकायचं. स्वतः वळून बघायची गरजच काय? समुद्र कुठे पळून जातोय!

अडचण एकच. घरी रंगकाम निघालेलं, म्हणून सासूबाईंनाही सोबत आणावं लागलं.

"मागच्या खोलीत बसा हं, आई. हूं की चूं करू नका."

सासूबाई निमूटपणे गाठोडं काखोटीला मारून गेल्या. टेकायला उशी असेल, असं सुनेला वाटलं.

गिऱ्हाईक म्हणजे जहाजावरचे निवृत्त कप्तान आणि त्यांची बायको. संगमरवरी जिना झाला, झुंबरं झाली. कप्तान आपले जांभया देतायत! शेवटी दिवाणखाना. पडदेवालीने दोरी ओढली. सर्रर्र!

"बघा! हे बघून पिढ्यान्पिढ्या तृप्त झाल्या!"

कप्तानांची जांभई अर्ध्यावरच अडकली. पडदेवालीला चेव चढला.

"वाऱ्यावर कसं उसळतंय! आणि दर तासाला रंग वेगळा!"

"दर तासाला?" कप्तानीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"सूनबाई, चिमटे संपले गं! हा परकर धर जरा!" पाठीमागून हाक आली.

पडदेवाली गर्रकन वळली. सज्जाच्या कठड्यावर रजया, चादरी, उशांचे अभ्रे, आणि मधोमध शिडासारखा टम्म फुगलेला फुलाफुलांचा परकर! समुद्र औषधालाही दिसत नव्हता.

"आई! हे काय मांडलंय?"

"सगळ्याला रंगाचा वास बसलाय गं. मागे ऊन नाही, आणि इथे नुसतं वाया चाललंय!"

संपलं! लाडीगोडीचे बत्तीसच्या बत्तीस दात तिच्या डोळ्यांपुढे नाचले.

कप्तान मात्र पोट धरून हसत होते. "अहो बाई, समुद्र बघण्यात माझा जन्म गेला! बंदरात शिरताना नजर शोधायची ती अशी वाळत घातलेली धुणी. म्हटलं, चला, घरं आली! काय गं, घ्यायची का?"

बायको केव्हाच सज्जात जाऊन चादरीचं दुसरं टोक धरून विचारत होती, "आजी, इथलं ऊन टिकतं का हो दुपारपर्यंत?"

हवेली विकली गेली! साहेब जाम खूश.

"पुढच्या आठवड्यात टेकडीवरचा बंगला दाखवायचाय. सासूबाईंना पाठवा. परकरासकट!"

"आणि मी, साहेब?"

"तुम्ही? तुम्ही चिमटे घेऊन जा."