संशयास्पद हिरवेपणा

सन २००३च्या मे महिन्यात आमच्या गल्लीला एक दिवसाआड पाणी येत असे आणि इशरत मुकादमच्या गच्चीवर रोज शिराळी येत असत. या दोन घटनांचा परस्परसंबंध प्रशासनाच्या ध्यानात येईपर्यंत सर्व सुरळीत होते.

इशरतचा नवरा नझीर कुवेतला. घरी ती आणि सासू. गच्चीवर तिने मिरकरवाडा बंदरातलं मासेमारीचं टाकाऊ जाळं दुहेरी ताणून वर माडाच्या झावळ्या टाकल्या होत्या. खाली फुटक्या बादल्यांत माती आणि मातीवर पातेऱ्याचा, म्हणजे सुक्या पानांचा, जाड थर. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी साठवून ती ऊन कलल्यावर मुळाशी घाले. दुधी, लाल माठ, मिरच्या सगळं पिके आणि गल्लीत घरोघर जाई. मी निवृत्त मुख्याध्यापक. मला दुधी कोवळा लागतो, हेही तिला ठाऊक होतं.

मग तिला नोटीस आली. ‘आपल्या गच्चीवर संशयास्पद हिरवेपणा आढळून आला आहे. सदर हिरवेपणाचा उगम सात दिवसांत सिद्ध करावा.’

चौकशीला टंचाई निरीक्षक दर्शना शिवगण आल्या. पंच म्हणून मी आणि शेजारच्या यमुनाबाई.

“पाणी कुठलं?” निरीक्षकांनी विचारलं.

“तांदळाचा, मॅडम,” इशरत म्हणाली.

“तांदळाला पाणी नसतं. नळाला असतं.”

“नळाचाच. पण तांदूळ धुवून झाल्यावरचा.”

“म्हणजे एकदा वापरलेलं पाणी तुम्ही दुसऱ्यांदा वापरता? कोणाच्या परवानगीनं?”

इशरतने माझ्याकडे पाहिलं. मी पंच असल्याने छताकडे पाहिलं.

शेवटी पंचांसमक्ष तांदूळ धुण्यात आले. धुतले म्हणून शिजवण्यात आले, शिजले म्हणून वाढण्यात आले. मॅडमनी शिराळ्याची भाजी दोनदा घेतली, दुसऱ्यांदा पडताळणीसाठी. अहवालात इशरतवरचा ठपका पुसला गेला. ‘सदर घर दररोज पंचवीस लिटर पाणी वाचवते,’ असं त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. इशरतने कुवेतला फोन करून नवऱ्याला अहवाल वाचून दाखवला.

आठ दिवसांनी आदेश निघाला. ‘सदर गल्लीत प्रत्येक घरी दररोज पंचवीस लिटर पाणी जास्तीचे असल्याचे सिद्ध झाल्याने, पुरवठा यापुढे तीन दिवसांआड करण्यात येत आहे.’

गल्ली खवळली. आम्ही तडक मोर्चा काढला आणि तो इशरतच्या दारात नेला.

“गो इशरत,” यमुनाबाई म्हणाल्या, “तुझी भाजी ग्वाड, त्यात वाद नाय. पण तुझ्यापायी आमची पिंपं सुकली.”

“तांदळाचा पाणी मी घातला, नळ मी बंद केला काय?” इशरतने विचारलं. “कचेरीत गेलात तुम्ही?”

“कचेरीत?” मी म्हणालो. “कचेरीचा इथे काय संबंध?”

ती आत गेली आणि कोयती घेऊन आली. क्षणभर आम्ही दोन पावलं मागे सरकलो. तिने मूठ आमच्याकडे केली.

“माझ्या हातानं नाय व्हायचा. ज्याला पाणी हवा त्यानं कापा.”

कुणी पुढे होईना. गल्लीत शिकलेला मीच, त्यामुळे जबाबदारी माझ्यावर आली. वेल मी मुळापासून, नीट कापले. इशरत जिन्यात उभी होती. रडली नाही. वेलावरचे दुधी तिने एकेक करून उतरवले आणि त्याही दिवशी घरोघर दिले. माझा कोवळा होता. घशाखाली उतरायला थोडा वेळ लागला, पण उतरला.

पुढच्या सोमवारी निरीक्षक पुन्हा आल्या, उघडी गच्ची बघून गेल्या आणि आदेश आला. ‘सदर गल्लीतील लागवड संपुष्टात आल्याने पाण्याची गरज आणखी घटली आहे. पुरवठा पाच दिवसांआड.’

संध्याकाळी आमची तातडीची सभा भरली. इशरत आली नाही. दोन तास कडक भाषणं झाली. कचेरीचा विषय कुणी काढला नाही. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कमळाच्या न्हाणीमागे अळूची चार पानं आहेत, एवढं मात्र सर्वानुमते लक्षात आलं.

कमळा रडत होती. मी कोयतीला धार लावून ठेवली आहे. तुमच्याकडे काही हिरवं असेल तर आताच सांगा. उद्या आम्ही सगळे येऊ. आणि परवा दुसऱ्या कुणाकडे निघालो, की आमच्याबरोबर तुम्हीही असाल.