परबकाकांचे जुने मेंदू

लालबागच्या आमच्या चाळीतले परबकाका सकाळी उठले की आधी संगणकांचा ताप बघतात. खोलीत सहा जुने संगणक आहेत. प्रत्येकाच्या डब्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं, "ह्याचो पंखो कुरकुरता." निदान बरोबर निघतं. तरुणपणी ते गिरणीत फिटर होते. बिघडलेला मागही असाच हात लावून ओळखायचे.

ब्याऐंशीच्या संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. काका दादरच्या एका क्लासात संगणक दुरुस्ती शिकले, मग पुस्तकं आणून प्रोग्रॅमिंग. जगभरातले काही हौशी लोक संगणक चालवणारी प्रणाली मिळून लिहितात आणि फुकट वाटतात. त्यांच्यात काकाही आहेत. त्यांचा हट्ट एकच, नवी आवृत्ती जुन्या प्रोसेसरवरही चालली पाहिजे. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. कोणी त्याला जुना म्हटलं की काका म्हणतात, "चालता ना? मग झाला." घरच्या मिक्सरबद्दलही त्यांचं हेच मत असल्यामुळे काकूंची चटणी कायम जाडसर असते.

एका रविवारी ते छापलेला कागद घेऊन माझ्याकडे आले. मी शाळेत इंग्रजी शिकवते. काका प्रोग्रॅम सराईतपणे लिहितात, पण चार ओळींचं इंग्रजी पत्र म्हटलं की त्यांना घाम फुटतो. गटाच्या प्रमुखाने लिहिलं होतं की, काकांच्या सहाही संगणकांत असलेल्या जुन्या प्रोसेसरची सोय पुढच्या आवृत्तीपासून बंद करायचा विचार आहे. अजून कोणी तो वापरत असेल तर कळवावं.

मग आठवडाभर काका मला घेऊन पुरावे गोळा करत हिंडले. वरळी कोळीवाड्यात बर्फाच्या गोदामात तसला एक संगणक होता. तिथल्या हिराबाईंनी फोटोआधी तो ओल्या फडक्याने पुसायला घेतला, तेव्हा काकांचा जीव अर्धा झाला. खोताच्या वाडीजवळच्या वाचनालयात ग्रंथपालांनी संगणक दाखवण्याआधी आम्हा दोघांनाही सभासद करून घेतलं. परळच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी काकांचं ब्लडप्रेशर तपासलं, मगच फोटो काढू दिला. अशी अकरा यंत्रं सापडली, सगळी चालू.

काकांनी मजकूर सांगितला, मी इंग्रजी केलं. पत्रात एवढंच होतं, ही अकरा यंत्रं चालू आहेत, हे त्यांचे फोटो, आणि यापुढची प्रत्येक आवृत्ती मी स्वतः तपासून देईन. खाली नाव घालू का, असं मी विचारलं. काका म्हणाले, थांब.

"आणखी एक वाक्य घाल गो. बंद करण्याआधी विचारलंत, त्याबद्दल आभारी आहे."

मी म्हटलं की काका, ही तर बंद करायची नोटीस, हिच्याबद्दल आभार कसले मानायचे?

"आमका कोणी इचारूक नाय," ते म्हणाले. "माग धडधाकट होते, मी धडधाकट होतंय. संपानंतर गेलंय, तर गेटाक कुलूप."

मी ते वाक्य घातलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. प्रोसेसर राहणार होता आणि तो सांभाळणारा म्हणून यादीत दत्ताराम परब हे नाव घातलं होतं. प्रमुखाने पुढे लिहिलं होतं की, अशा नोटिसा मी पुष्कळ पाठवल्या, शिव्याही पुष्कळ खाल्ल्या, आभार मात्र पहिल्यांदाच आले.

काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग काकूंना हाक मारली आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं. काकूंना इंग्रजी कळत नाही. पदराला हात पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मी सांगितलेला अर्थही ऐकला, आणि काकांकडे बघून विचारलं, "म्हणजे तुमका परत कामार घेतल्यानी?"

काका म्हणाले, "होय. घेतल्यानी."