वेणाबाईसाहेबांच्या उघड्या टपाची बखर

श्री. जी देवता चाकास गती देते आणि वाटेस वळण देते, तिचे पायी माथा ठेवून आरंभ करितो. राज्यशक एकशे बावन्न, दुर्मुख नाम संवत्सर, माघमास. स्वामींनी आज्ञा केली की, वेणाबाईसाहेबांनी उचलत्या टपाची गाडी कैसी निवडिली आणि पुढे काय जाहले, ते आडपडदा न ठेविता लिहून कळवावे. त्यास जैसे ऐकिले आणि काही जैसे मनाने जाणिले, तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले म्हणजे तेथील लोक येऊन "ऐसे नव्हतेच" म्हणून भांडतात, आणि लिहिणारास भांडणाचा कंटाळा.

त्या राज्यात वेणाबाईसाहेब म्हणून थोर बाई. जन्म राजघराण्यातला नव्हे. वडील मिठाचा तांडा घेऊन समुद्रकिनाऱ्यापासून घाटावर आणि घाटावरून देशी फिरत, आणि बाईसाहेब बैलांच्या पाठीवरच वाढल्या. पहाटे डोळे उघडताच पुसावे, "आबा, आज कुठं जागी झाले मी?" आणि आबांनी गावाचे नाव सांगावे, गाव नसेल तर ओढ्याचे, ओढ्यास नाव नसेल तर जवळच्या झाडाचे. मग थोरले महाराज शिकारीत वाट चुकून तांड्यात आले आणि भाकर खाऊन तृप्त जाहले आणि बाईसाहेबांस राणी करून घेऊन गेले. त्या दिवसापासून रोज तोच नगारा, तोच पलंग आणि छतास तेच रंगविलेले मोर. पुढे थोरले महाराज लढाईत पडले तेव्हा युवराज हैबतराव अंगावर पिणारे. मग बाईसाहेबांनी लेकरू एका हातावर आणि लगाम दुसऱ्या हाती घेऊन राज्य राखिले, आणि ऐसी वर्षांवर वर्षे गेली, आणि लेकरू मोठे होऊन गादीवर बसले तोवर बाईसाहेबांचे दोन्ही खांदे धरिले ते धरिलेच. हात छातीपर्यंत येई, त्यावर जाईना. भरली कळशी उचलवेना, केस दासीने विंचरावे. पाय मात्र तांड्यातले, खणखणीत. आणि राज्य लेकाचे हाती देऊन स्वस्थ बसल्या तो बाईसाहेबांस अन्न गोड लागेना. वैद्य आले, त्यांनी पित्त म्हटले. पित्त कसले? आपण कोठे जागे जाहलो ते ठाऊक नाही ऐसी एक पहाट त्यांस हवी होती, आणि ती राजवाड्यात मिळण्याजोगी नव्हती.

ऐशात एक परदेशी सौदागर दरबारी आला आणि त्याने कँपरव्हॅन नामे वाहनाचे वर्णन केले, की आत बिछाना, चूल, पाण्याची टाकी, आणि छत जो टप, तो वर उचलिला म्हणजे कापडी भिंती उभ्या राहतात आणि माणूस सरळ उभे राहते आणि कापडातल्या खिडकीतून आभाळ दिसते. बाईसाहेबांनी ऐकिले मात्र, आणि त्या राजांकडे गेल्या. राजे म्हणाले, "आईसाहेब, पालखी आहे, हत्ती आहे, डेरे आहेत. चाळीस स्वार संगती देतो." बाईसाहेब म्हणाल्या, "चाळीस स्वार बरोबर आले की जाईन तिथं राजवाडाच येतो की हो, बाळराजे. मला एकटीला जायचंय." राजे म्हणाले, "टप कोण उचलणार?" बाईसाहेब म्हणाल्या, "मी." तेव्हा राजांनी त्यांच्या हातांकडे पाहिले आणि लागलीच नजर काढून घेतली, कारण ते हात कोणाचे ओझ्याने झिजले ते राजांस पुरते ठाऊक. मग बोलिले ते ऐसे की, "आपण एकट्यानं उघडाल आणि एकट्यानं मिटाल, ऐशी गाडी निवडा. एक रात्र वेशीबाहेर तळ्यावर राहा. दुसऱ्या दिवशी मध्यान्ही मी येईन. टप मिटलेला दिसला तर जिकडं मन नेईल तिकडं जा, मी अडवणार नाही. उघडा दिसला तर माझ्याबरोबर घरी यायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही." बाईसाहेबांनी शब्द दिला. त्या रात्री त्यांस मुळीच झोप आली नाही, पण ती सुखाची जाग होती.

मग कारभारी अंतो विश्वनाथ यांनी महालापुढे गाड्या मांडविल्या आणि सारा दरबार लोटला. ज्यांनी जन्मात गाडी हाकिली नाही त्यांसही मत होते. पहिली गाडी आली तिचा टप दोन्ही हात डोक्यावर नेऊन ढकलावयाचा. विकणारा म्हणे, थोडा जोर लागतो, एवढेच. त्या थोड्या जोराने तालमीतला पैलवान लालबुंद जाहला. बाईसाहेब म्हणाल्या, "हिला घरी पाठवा, बिचारीला पैलवानाचंच घर बरं." दुसरी आली तिला एक कळ होती, कळ दाबिली की टप विजेच्या बळे आपणच चढे. कारभारी तिजवर लुब्ध जाहले. पण सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्याने पडद्याआड कळ दाबून दाबून तिच्यातली वीज संपविली होती, सबब टप अर्ध्यात आला आणि तेथेच राहिला, दरबारातले पुष्कळ ठराव राहतात तैसा. बाईसाहेब म्हणाल्या, "रानात हिनं मान टाकली तर मी काय करू? हिच्याशी गप्पा मारू?" मग तिसरी आली. तिच्या टपाच्या दोहीकडे वायू कोंडिलेले दांडे होते. कडी सोडून छातीच्या उंचीवरून नुसता हात लाविला की दांडे आपणच टप वर नेत. बाईसाहेबांनी तळवा टेकविला आणि टप सरसर वर गेला आणि कापड फुलले आणि दरबार एकमुखाने "वाहवा" म्हणाला. वरचा माचा होता, तेथे चढण्यास हातांनी अंग उचलावे लागे. बाईसाहेब म्हणाल्या, "तो राहू दे. मी खालीच निजेन, आभाळ खालूनही दिसतं." आणि बोलता बोलता डोळे भरले, ते पुसण्यासही मान खाली घालावी लागली.

आता येथे त्या राज्याची एक चाल सांगितली पाहिजे, नाही तर पुढचे कळणार नाही. ज्याचे मस्तकी छत्र, त्याचे देखत वर गेलेली वस्तू खाली आणू नये. छत्र, निशाण, चांदवा, काहीही. खाली येताना राजाने पाहिले तर राज्य खाली येते ऐसी समजूत. सबब संध्याकाळी छत्रधाऱ्याने "पाठ" म्हणावे आणि राजाने पाठ फिरवावी आणि भोवतालच्या साऱ्यांनी फिरवावी, मग छत्र उतरवावे. पिढ्या न् पिढ्या ऐसे चालले, त्यामुळे वर गेलेली वस्तू कधी खाली येते हेच दरबार विसरला होता. त्या दिवशीही "पाठ" म्हटले गेले, राजांनी फिरविली, बाईसाहेबांनी इतक्या वर्षांच्या सवयीने फिरविली, आणि पाठीमागे दोन धिप्पाड गडी टप खाली ओढताना कण्हू लागले, ते ऐकू जाऊ नये म्हणून कारभाऱ्यांनी वाजंत्री मोठ्याने वाजविण्यास सांगितली. राजांस वाटले, आज वाजंत्रीवाले फार मनापासून वाजवितात. येणेप्रमाणे गाडी पसंत जाहली.

सप्तमीस बाईसाहेब निघाल्या. हाकण्याचे चाक एका बोटाने फिरे, खांद्यास तोशीस नाही. तळ्याशी गाडी लाविली, तळवा टेकविला, टप वर गेला. खिचडी शिजविली, ती बुडाशी थोडी लागली, तरी गोड वाटली. मग खाली बिछान्यावर पडल्या आणि वाऱ्याने कापड हलत होते ते पाहता पाहता निजल्या, आणि पहाटे जाग आली तेव्हा क्षणभर, खरोखरीच क्षणभर, आपण कोठे आहो ते त्यांस कळेना. आणि तोंडातून गेले, "आबा, आज कुठं?" उत्तर देण्यास कोणी नव्हते. मग बाईसाहेब पोटभर रडल्या. दुःख होते म्हणून नव्हे, इतकी वर्षे जे हवे होते ते अंगावरून वाऱ्यासारखे गेले आणि लागलीच आणखी हवेसे वाटले, म्हणून.

मग उठून टप मिटावयास गेल्या. टपास आतून एक पट्टा लोंबत होता, तो धरून ओढिला. टप हलेना. जे दांडे वर जाताना चाकर, ते खाली येताना मालक जाहले. दोन्ही हातांनी ओढिला, खांद्यात कळ गेली ती मानेपर्यंत. तेव्हा बाईसाहेबांस वाजंत्री आठवली आणि सारे उमगले, आणि त्यांनी कारभाऱ्यांस जे म्हटले ते येथे लिहीत नाही. पुन्हा ओढिला. पुन्हा. सूर्य चढू लागला. मिटला नाही तर पुन्हा ते मोर, मरेपर्यंत ते मोर. शेवटी संतापून पट्ट्याचे टोक कमरेस गुंडाळून मटकन खाली बसल्या, आणि टप वीतभर खाली आला. बाईसाहेब चकित जाहल्या. हातांनी नव्हे, बसण्याने येतो! पुन्हा जोराने बसल्या, तो कापड चहूकडून फुगले आणि टपाने त्यांस उचलून उभे केले. आत हवा कोंडली होती, तिला जाण्यास जागा नव्हती. दार सरकवून उघडिले पाहिजे, ऐसे मनात येते आहे तो तळ्याच्या बांधावर धूळ दिसली.

राजांस धीर निघाला नव्हता. मध्यान्ह होण्यास अवकाश होता, तरी चाळीस स्वार आणि कारभारी घेऊन आले. टप उघडा पाहून राजे घोड्यावरून उतरले, आणि त्यांच्या मुखावर दुःख दिसले, आणि त्या दुःखाखाली थोडे समाधानही दिसले, आणि आईच्या नजरेतून ते सुटले नाही. राजे म्हणाले, "आईसाहेब, पुरे आता. आपले खांदे पाहा." आणि दोन स्वारांस खूण केली की गाडी मिटा. एकदा त्यांचा हात लागला की बाईसाहेबांचा शब्द गेला. बाईसाहेब दारात उभ्या राहिल्या, कमरेस पट्टा तैसाच, आणि म्हणाल्या, "अंतोपंत, राजांसमोर टप उतरवायला माणसं धाडता? चाल विसरलात?" कारभारी दचकून म्हणाले, "नाही, नाही, बाईसाहेब! स्वार, मागे व्हा!" बाईसाहेब म्हणाल्या, "छत्र आता कुणाच्या डोक्यावर?" कारभारी म्हणाले, "महाराजांच्या." "मग माझ्यावर चाल लागू नाही. मी उतरवू शकते. पाठ कुणी द्यायची?" "महाराजांनी. आणि महाराजांबरोबर आम्ही सर्वांनी." "आणि मध्यान्ह झाली?" कारभाऱ्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, "अजून थोडा अवकाश आहे." मग बाईसाहेब राजांकडे पाहून हळूच म्हणाल्या, "हैबती, पाठ."

लहानपणी ज्या नावाने हाक मारीत ते नाव राजांनी ऐकिले. मग फिरले, आणि त्यांजबरोबर चाळीस स्वार फिरले, घोडे फिरले, कारभारी फिरले. बाईसाहेबांनी दार पुरते सरकविले, पट्टा कमरेस दोन वेढे घेतला, पाय रोवून सावकाश खाली बसू लागल्या. ज्या पायांनी घाट तुडविले त्या पायांनी सारे अंग खाली दाबिले. टप वीतभर आला, हातभर आला, दारातून हवा फुसफुसत निघाली, आणि अखेरच्या बोटभर अंतरात दांड्यांनी हार घेऊन स्वतःच टप खाली घेतला. मग वाकूनच उठून छातीच्या उंचीवरची एक कडी लाविली, मग दुसरी. खट्, खट्. हे कोणी पाहिले नाही. बेचाळीस माणसे हजर, आणि साक्षीदार एकही नाही.

मग बाईसाहेब चाकाशी बसल्या. बाजूच्या आरशात पाठी दिसत होत्या, आणि त्यांत एक पाठ ऐसी की जी कधी काळी त्यांच्या कोपरापासून मनगटापर्यंत मावत असे. हाक मारावी ऐसे फार वाटले. पण हाक मारिली तर ते वळतील, आणि वळले तर त्यांचे तोंड दिसेल, आणि मग गाडी पुढे जाणार नाही. ओठ घट्ट दाबून बाईसाहेबांनी गाडी चालू केली आणि आल्या वाटेने न जाता बांधाच्या पलीकडे घातली.

आवाज लांब गेला, बारीक जाहला, मग येईना. कारभारी खाकरून म्हणाले, "महाराज, टप उतरला. आता वळायला हरकत नाही." राजे म्हणाले, "थांबा, पंत. वळलो की त्या गेलेल्या असतील."

हकीकत येणेप्रमाणे. गाडी निवडिली ती खरी निघाली, शब्द दिला तो दोहीकडून पाळिला गेला. राजे दिवस कलेपर्यंत तैसेच उभे होते.