शनिवारी पाच वाजता, घड्याळाच्या दुकानात

शुक्रवारी सकाळी आठ वाजता संपादकांच्या घरातला फोन वाजला आणि पलीकडून बेकरीवाल्याने अगदी थंडपणे विचारलं, "उद्या आमच्या नव्या भट्टीचं उद्घाटन आहे म्हणे. आम्हाला कधी कळवणार होता?"

संपादकांनी चहाचा कप खाली ठेवला. वर्षअखेरच्या सुट्ट्यांचा खास अंक तासाभरापूर्वीच घरोघरी गेला होता. एरवी चार पानांचं असणारं त्यांचं साप्ताहिक या एका आठवड्यात आठ पानांचं होई. कुणाची लेक सुट्टीला येणार, औषधांचं दुकान कुठल्या दिवशी बंद, शिंप्याने नवं यंत्र घेतलं, वाचनालयाच्या जिन्याला कठडा बसला, असल्या बातम्या आणि त्यांच्या आजूबाजूला झाडून साऱ्या दुकानदारांच्या शुभेच्छा. दूरदेशी राहणारे लोक हा अंक पत्ता लिहून मागवून घेत आणि त्यातल्या शिंप्याच्या यंत्राची बातमी वाचून डोळे पुसत.

त्यांनी तिसरं पान उघडलं. 'गावातल्या घडामोडी' या मथळ्याखाली शिंपी होता, जिना होता आणि त्याखाली खरोखरच भट्टी होती. "येथील बेकरीच्या नव्या भट्टीचे उद्घाटन शनिवारी दुपारी तीन वाजता हेडमास्तरांच्या हस्ते होईल." बातमी पूर्वी वाचल्यासारखी वाटत होती. वाचलेली असणारच, कारण ती त्यांनीच लिहिली होती. फक्त पंचवीस वर्षांपूर्वी.

झालं होतं ते असं. 'पंचवीस वर्षांपूर्वी' नावाचं एक छोटं सदर दर आठवड्याला तिसऱ्या पानाच्या तळाशी असे. त्यांची धाकटी बहीण जुन्या फायली काढून त्या त्या आठवड्याच्या तीनचार बातम्या निवडी. तिला सगळं गाव ताई म्हणे, आणि गावाचं ऐकून संपादकही म्हणत. गुरुवारी संध्याकाळी, पानं छापखान्यात जायला अर्धा तास उरला असताना, चपलांच्या दुकानदाराची जाहिरात आली. संपादक आतल्या खोलीतून ओरडले, "ताई, तिसऱ्या पानावर दोन ओळींची जागा कर. काहीही काढ." ताईने काढलेल्या त्या दोन ओळी म्हणजे सदराचा मथळा आणि त्याखालचं 'जुन्या फायलींतून' हे उपशीर्षक. मधलं कुंपणच गेल्यामुळे जुन्या बातम्या नव्यांत मिसळून गेल्या होत्या.

संपादकांचा डोळा आणखी खाली सरकला. शनिवारी चार वाजता चौकात बँडचं वादन. बँड मोडून जमाना लोटला होता. सातांपैकी चौघेच गावात उरले होते आणि त्यांतल्या एकाला ऐकू येत नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी: "येथील घड्याळजी आणि आमच्या साप्ताहिकाच्या व्यवस्थापिका यांचे लग्न ठरले आहे. हितचिंतकांनी शनिवारी पाच वाजता घड्याळाच्या दुकानात चहाला यावे, ही विनंती."

साप्ताहिकाच्या व्यवस्थापिका म्हणजे ताईच.

दुसरं कुणाचंही लग्न असतं तर लोकांना शंका तरी आली असती. पण पंचवीस वर्षांत घड्याळजी घड्याळजीच राहिला होता आणि व्यवस्थापिका व्यवस्थापिकाच. दोघांची लग्नंही झाली नव्हती. बातमी आजही जशीच्या तशी लागू पडत होती.

ताई जेवणाच्या टेबलाशी बसून परगावच्या अंकांवर पत्ते चिकटवत होती. संपादकांनी अंक तिच्यापुढे धरला.

"हो, पाहिलं," ती म्हणाली. "मथळा गेलाय."

"मग?"

"मग काय? छापून झालंय. तो डिंक दे इकडे."

संपादकांना तिचा हा शांतपणा धक्क्यामुळे आलेला वाटला. त्या वर्षी लग्न खरंच ठरलं होतं. चहाचे कपसुद्धा आणले होते. आणि ऐन त्या आठवड्यात वडील आजारी पडले, तोवर त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या या दोघांच्या अंगावर सगळं साप्ताहिक आलं आणि संपादक बहिणीला म्हणाले, एवढं एक वर्ष जाऊ दे, पुढचा सुट्ट्यांचा अंक झाला की बघू. पुढचा अंक झाला. मग वडील गेले. मग जुना कारकून सोडून गेला. दर वेळी सुट्ट्यांच्या अंकानंतर बघायचं ठरे, आणि सुट्ट्यांचा अंक दरवर्षी येतो ही अडचण कुणाच्याच लक्षात आली नाही. घड्याळजीने तीन वर्षं विचारलं, चौथ्या वर्षी विचारणं सोडलं. मात्र दर रविवारी दहाच्या ठोक्याला तो यांच्या बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला येई, ताईने पुढे केलेलं बिस्किट खाई आणि जाई. ते घड्याळ फार नाजूक आहे, अशी संपादकांची इतकी वर्षं समजूत होती.

पहिला विचार त्यांच्या मनात दुरुस्ती छापण्याचा आला. पण छापखाना सुट्टीसाठी दोन आठवडे बंद. मग त्यांनी कोट चढवला आणि तोंडी दुरुस्ती करायला ते स्वतः बाहेर पडले.

औषधवाल्याने त्यांना पाहताच हात हातात घेऊन हलवला. संपादक म्हणाले, बातमी चुकीची आहे. औषधवाला हसला आणि म्हणाला, "असं कसं? अंकात आलंय." न्हाव्याकडे तेच, फुलवालीकडे तेच. फुलवालीने तर सगळ्यात मोठा गुच्छ बाजूला काढूनही ठेवला होता. तीस वर्षं संपादक या गावाला एकच गोष्ट शिकवत आले होते: ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका, अंकात येईल तेव्हाच खरं माना. गाव चांगलं शिकलं होतं. फुलवाली त्यांना समजावणीच्या सुरात म्हणाली की बहीण घरातून जायची म्हटल्यावर भावाला वाईट वाटायचंच.

दुपारी त्यांना निरोप आला की हेडमास्तरांना पंचवीस वर्षांपूर्वीचं भाषण कपाटात सापडलं आहे. त्यांचं वय आता सत्त्याऐंशी होतं. ते भाषण त्या वेळी लांबल्यामुळे अर्धवट राहिलं होतं, आणि उरलेलं अर्धं वाचायची संधी मिळाल्याबद्दल त्यांनी संपादकांचे आभार मानले होते. बँडमधले चौघे पोटमाळ्यावरून वाद्यं उतरवत होते. ऐकू न येणारा त्यांत सगळ्यात उत्साहात होता.

संपादक शेवटी घड्याळाच्या दुकानात गेले. जायचं होतं सगळ्यात आधी, पण पाय वळत नव्हते. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कामात होता. गल्ल्यावर अंक पसरलेला होता आणि भिंतीशी न्हाव्याकडून आणलेल्या सहा खुर्च्या होत्या.

"माझ्याकडून मोठी चूक झाली," संपादक म्हणाले.

घड्याळजीने भिंग काढलं. "कुठली?"

"ही बातमी. मथळा राहून गेला. लग्न ठरलंय असं छापून आलं."

"ठरलं नव्हतं?"

"ठरलं होतं हो, पण तेव्हा."

"मग मोडलं कधी?"

पंचवीस वर्षांचे सारे अंक संपादकांच्या डोळ्यांपुढून गेले. हरवलेली मांजरं, सापडलेल्या छत्र्या, शिंप्याची भांडणं, सगळं त्यांत होतं. लग्न मोडल्याचं कुठेच नव्हतं, कारण ते कुणी मोडलंच नव्हतं.

"मी मोडलं नाही," घड्याळजी म्हणाला. "तिनंही नाही. तुम्ही पुढं ढकललंत आणि आम्ही दोघं ऐकत गेलो. त्यात दोष आमचाही आहे." त्याने अंकाची घडी घातली. "पण एक सांगतो. चुकून छापलं गेलं म्हणून तिला लोकांसमोर उभं राहायला लागू नये. ती आली नाही तर मीच सांगेन सगळ्यांना, की गैरसमज माझा होता. तिला कुणी काही विचारायचं नाही."

"आणि आली तर?"

घड्याळजीने खुर्च्यांकडे पाहिलं. "तर सहा पुरायच्या नाहीत," तो म्हणाला.

शनिवारी तीन वाजता बेकरीत फीत कापली गेली. बेकरीवाल्याने त्याच जुन्या भट्टीला फीत बांधली होती. भट्टी पंचवीस वर्षांची झाली याबद्दल म्हणून. एवढ्यावर त्याचा राग निवला, कारण बघायला जमलेल्या लोकांनी दुपारीच सगळे केक संपवले. हेडमास्तरांनी भाषण मधल्याच वाक्यापासून सुरू केलं आणि ज्यांनी पहिलं अर्धं ऐकलं होतं ते दोघं-तिघं म्हातारे कौतुकाने माना डोलावत राहिले. चार वाजता चौकात बँड वाजला. तीन जण एक धून वाजवत होते आणि चौथा दुसरी, तरी लोक निघेनात. त्या धुनीवर याच चौकात कधीतरी नाचलेली माणसं आता गुडघे सांभाळत उभी होती. संपादकांनाही भरून आलं. वडील चौकातल्या खांबाशी उभे राहून वहीत टिपून घेत असत, ते त्यांना आठवलं, आणि ताई शेजारी छत्री धरून उभी असे.

तिची आठवण होताच ते घराकडे सुटले. वाटेत त्यांनी ठरवलं, दुरुस्तीचा कागद लिहून पाचच्या आत घड्याळाच्या दुकानाच्या दारावर लावायचा. बहिणीची शोभा होऊ द्यायची नाही. मनाच्या तळाशी आणखीही एक भीती होती आणि ती त्यांनी स्वतःपाशी कबूल केली. ताई गेली तर पानं कोण लावणार, पत्ते कोण चिकटवणार, आणि संध्याकाळी 'दादा, ऊठ आता' असं कोण म्हणणार?

ताई बैठकीत होती. तिने ठेवणीतला निळा कोट घातला होता आणि केस नीट बांधले होते. संपादक दारातच उभे राहिले.

"ताई, मी तुला अडवून ठेवलं," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं."

"अडवलं नाहीस रे. तू म्हणायचास एवढा अंक होऊ दे, आणि मला दर वेळी वाटायचं, खरंच एवढाच." तिने कोटाचं वरचं बटण लावलं. "मीही बावळटच की."

"तुला जायचं नसेल तर दारावर कागद लावतो. कुणी काही बोलणार नाही. तोही तसंच म्हणाला."

"काय म्हणाला?"

संपादकांनी सांगितलं. ताई खिडकीकडे वळली. मग नाक पुसून म्हणाली, "लिही तुझा कागद. पुढच्या अंकातही लागेलच."

संपादकांनी बसून लिहिलं. दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा जमलं. मग तीस वर्षांच्या सवयीने कागद तिच्यापुढे धरला, कारण तिच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय त्यांचा एकही शब्द कधी घराबाहेर पडला नव्हता. कागदावर होतं: "गेल्या अंकातील 'पंचवीस वर्षांपूर्वी' हा मथळा नजरचुकीने वगळण्यात आला होता. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

ताईने उभ्या उभ्याच वाचलं. पेन्सिल घेतली आणि 'नजरचुकीने' हा शब्द खोडला. क्षणभर थांबून शेवटचं वाक्यही खोडलं.

"बाकी ठीक आहे," ती म्हणाली. "चल, पाच वाजतायत."

ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. संपादकांनी उरलेला मजकूर एकदा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि त्यात चूक एकही नाही हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं.