चित्रकाची वाटेकडची बाजू

आमच्या बुलढाण्यात सरकारला वाकायला लावणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा शेजारी होता. वामनराव नाझर. सरकार म्हणजे पोस्टमन, कोर्टाचा बेलिफ आणि क्वचित पोलीस जमादार. वामनरावांच्या फाटकापासून ओसरीपर्यंत एकच अरुंद वाट होती. त्या वाटेवर त्यांनी लावलेल्या निळ्या चित्रकाच्या फांद्या छातीच्या उंचीला अशा आडव्या आल्या होत्या, की ओसरी गाठायची तर वाकण्यावाचून इलाज नव्हता.

वाकूनही सुटका नव्हती. या फुलाच्या बुडाशी हिरवी नळी असते, तिच्यावर चिकट लव असते. माणूस पलीकडे निघे तो बाहीवर, पाठीवर फुलं घेऊन. गावात खाकीवर निळं फूल दिसलं, की शिपाई कोणाकडून आला हे विचारावं लागत नसे.

रंग मात्र असा, की रागावणं जमत नसे. नीळ जरा जास्त पडलेल्या धोतराचा तो रंग. दिवाळीनंतरच्या दुपारी घाटातून गार वारा वर येई आणि ते झुडूप इतकं सावकाश हले, की ते हलतंय की आपल्याला डुलकी लागतेय, हे कळेनासं होई. शाळेतून परतताना मी फाटकाशी थांबे. मुलांच्या वह्या तपासायच्या असत, पण त्या निळ्या धुक्यापुढे वह्यांची घाई वाटत नसे.

नाझर म्हणजे कोर्टातले समन्स, जप्ती आणि लिलाव पाहणारा अंमलदार. वामनराव पेन्शनीत निघाले, पण कोर्ट त्यांच्यातून निघालं नाही. झुडूपही कोर्टातूनच आलेलं. बदलून गेलेल्या कुण्या इंजिनियरसाहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात एका कुंडीतल्या वाळक्या काडीवर कोणी बोली लावेना. कुंडी परत करायची तर वर रिपोर्ट करावा लागला असता, म्हणून नाझरांनी ती घरी आणली. एक अख्खं वर्ष काडीला पान फुटलं नाही. "मुदत द्या लागते," वामनराव म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजी शिजत नसली, पाहुणा उठत नसला, गांधीजी आणि व्हाइसरॉय यांचं जमत नसलं, तरी ते हेच म्हणत.

त्याच काडीची कलमं पावसाळ्यात कोणी मागायला आला, की ते दोन जामीन मागत. चेष्टेनं नव्हे. मी स्वतः दोन कलमांना जामीन राहिलो आहे. पैकी एक मेलं, तेव्हा वामनराव माझ्याशी आठवडाभर तिऱ्हाइतासारखे बोलले. कोणी पोटाच्या तक्रारीवर चित्रकाचं मूळ मागायला येई, त्याला ओसरीच्या खालूनच उत्तर मिळे. "वैद्याचा चित्रक पांढरा राह्यते बे. हा शोभेचा आहे. याचं मूळ खाऊन पाह्य, पोटाची तक्रार कराले पोटच राह्यनार नाही."

माघ सरला की छाटणी. नव्या फुटीवरच फूल येतं म्हणून ते निर्दयपणे कापत, पण तीनच बाजूंनी. चौथी, वाटेकडची बाजू, दरसाल तशीच सुटे. तिथे फक्त शेंड्याशेंड्याला कात्री लावत आणि मग लांब उभे राहून फांद्या वाटेवर नीट आल्या आहेत ना, हे पाहत.

आणखी एक सवय होती. रोज उन्हं कलली की ते फाटकाजवळच्या विहिरीवर कळशी घेऊन जात. रिकामी नेत आणि रिकामीच आणत. पाणी भरायला बाई होती. पेन्शनरांना व्यायाम हवा असतो, असं म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला होता.

एका वर्षी डेप्युटी कमिशनरसाहेबांच्या बाईसाहेबांना गावातल्या घरगुती बागा पाहण्याची इच्छा झाली. इच्छा बाईसाहेबांची असल्यानं लगेच कमिटी झाली, कमिटीला सेक्रेटरी झाला, आणि सेक्रेटरीनं नियम आणि बक्षिसं ठरवली. सेक्रेटरी काळे वकील. सभेत बोलताना ते घड्याळाची साखळी अशी धरत, जणू ती सोडली तर सभा वाहून जाईल. वामनरावांची बाग पहिली येणार हे सगळे धरून चालले होते. वामनरावांनीही कोट उन्हात टाकला होता.

पाहणीच्या सकाळी काळे वकील माळी आणि मोठी कात्री घेऊन हजर झाले. मीही गेलो होतो. वकिलांच्या कोटाला तोवर चार फुलं लागली होती.

"नाझरसाहेब, ही वाटेची बाजू तेवढी साफ करून घेऊ. बाईसाहेबांचा झगा अडकंल."

"अडकू द्या."

"अहो, नियमच आहे, वाट मोकळी पायजे. नाही तं बक्षीस जाईल हातचं."

"जाऊ द्या."

माळ्यानं कात्री उघडली. वामनराव ओसरीवरून उतरले आणि फांद्या आणि कात्रीच्या मधे जाऊन उभे राहिले. "याच्यावर स्टे आहे," ते म्हणाले.

"कोनाचा?"

"माहा."

"तुमाले कोन देल्ला अधिकार?"

"अपील करा," वामनराव म्हणाले.  एवढ्याशा फांद्यांसाठी माणूस इतका पांढरा पडलेला मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली आणि अपील राहून गेलं.

बाईसाहेब पुढे, साहेब मागे. साहेब तहसीलदारांशी मलकापूरच्या रस्त्याबद्दल बोलत होते. बाईसाहेब हसत हसत वाकून फांद्यांखालून निघाल्या, त्या खांद्यावर, केसांवर फुलं घेऊन. काळे वकिलांनी साखळी घट्ट धरली. साहेबांनी रस्त्याबद्दलचं वाक्य न तोडता हात पुढे केला आणि बाईसाहेबांच्या खांद्यावरचं एकेक फूल अलगद काढून टाकलं. त्यांचं लक्षही नव्हतं. गिट्टी, मोऱ्या, घाटातलं वळण, सगळं चालूच होतं.

वामनरावांनी मान फिरवली. मग कळशी उचलून ते विहिरीकडे गेले. पाहुणे असताना.

ओसरीच्या दारात त्यांची थोरली बहीण गोदाक्का उभी होती. माझ्याकडे न बघता ती हळू बोलली.

"मास्तर, आमचे बाबा इथंच, या ओसरीवर बसत दिवसभर. बाबांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलाचं नाही, पाह्याचं नाही. वामनची बायको विहिरीवरून पानी घेऊन आली का पदराले ही फुलं लागलेली राह्यत. मंग वामन म्हने, लुगडं खराब होते. अन् फुलं काढून दे. एक एक. लुगड्याच्या कामाले बाबा काय म्हननार? तेवढंच काय ते, दिवसाचं."

"आणि वहिनी?"

"गेली नं. लेकराच्या वक्ताले. हे झाड तवा कमरेएवढं होतं."

कमिटी पुढच्या बागेकडे गेली. वामनराव रिकामी कळशी घेऊन त्या वाटेनं परत आले, सावकाश, फांद्यांना घासून. ओसरीवर बसले. उपरण्याला लागलेली फुलं त्यांनी एकेक करून काढली आणि शेजारच्या रिकाम्या पाटावर ठेवली. बाहेर झुडूप अजून हलत होतं. मोटार कधीच गेली होती, वारा नव्हता, तरी हलत होतं असं मला वाटलं.

नियमांत मोकळ्या वाटेला वेगळे गुण होते. पहिलं बक्षीस काळे वकिलांच्या फुलकोबीला मिळालं.